दोन काढ

‘जालना सोन्याचा पाळणा’ अशी आमच्याकडची जुनी म्हण आहे. या सोन्याच्या पाळण्याच्या गावी मी वयाच्या अठराव्या वर्षी आरोपी म्हणून उभा राहिलो. साल १९६३. गुन्हा म्हणाल तर परतूर ते जालना बिनतिकिटी प्रवास. आज साठांवर वर्षे झाली. अण्णा गेले, मीटरगेजची ती गाडीही गेली. तेव्हा दिवाळीच्या फराळाबरोबर ही गोष्ट सांगून टाकायला आता हरकत नसावी. मात्र ती नीट कळायची तर आधी थोडी रेल्वेची हकीकत ऐकावी लागेल.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गाडी धावली हे पोरासोरांनाही ठाऊक असते. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना आगीनगाडीसाठी पुढे जवळजवळ अर्धे शतक वाट पाहावी लागली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादला जाणारा मीटरगेजचा मार्ग १९०१ च्या सुमारास पुरा झाला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे हे त्याचे भारदस्त नाव. १९३० साली निजाम सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली, आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती मध्य रेल्वेत सामील झाली. माझ्या गुन्ह्याच्या वेळी परतूर परभणी जिल्ह्यात होते नि जालना औरंगाबाद जिल्ह्यात. दोघांना एकत्र आणणारा जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.

आता तिकिटाचे पाहा. पुठ्ठ्याचे ते टणक, चिमुकले तिकीट ही टॉमस एडमंडसन नावाच्या एका इंग्रज स्टेशनमास्तरची करामत. १८३६ च्या सुमारास त्याने तिकिटांवर क्रमांक छापून हिशेब ठेवायला सुरुवात केली. किती तिकिटे गेली आणि गल्ल्यात किती पैसे आले, याचा ताळा संध्याकाळी जमलाच पाहिजे! म्हणजे हे तिकीट प्रवाशाइतकेच खिडकीमागच्या बाबूवरही नजर ठेवणारे होते.

प्रवाशाची लबाडी पकडायला कायदा लागला. विलायतेत तो १८८९ साली झाला, आणि लगेच १८९० साली आपल्याकडे रेल्वे कायदा आला. त्यात दोन कलमे शेजारीशेजारी बसली होती. ११३ वे कलम तिकीट नसणाऱ्याकडून भाडे आणि वर जादा आकार घेई. ११२ वे होते फसवण्याच्या इराद्याने बसणाऱ्यासाठी. त्याला मूळ कायद्यात भाड्याखेरीज शंभर रुपयांपर्यंत दंड होता. दोघांचेही खिसे तिकिटावाचून रिकामेच. फरक फक्त मनातला. आणि माणसाचे मन कोणत्या टीसीला वाचता येते?

झाले असे की, जालन्याच्या एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी मला अर्ज द्यायचा होता. अण्णांनी जाण्यायेण्याचे पैसे मोजून हातावर ठेवले. स्टेशनाबाहेर दोस्तमंडळी भेटली, भजी आली, चहा आला, आणि अण्णांच्या घामाचे पैसे तिथेच संपले. एवढ्या गर्दीत कोण विचारतो, असे म्हणून मी डब्यात शिरलो.

जालन्याला उतरलो तो दोन्ही बाजूंनी पोलीस! त्या दिवशी खुद्द मॅजिस्ट्रेटसाहेब तपासणीला आले होते. “तिकीट हरवलं,” मी टीसीला बेधडक सांगितले. जादा आकार भरायलाही जवळ दिडकी नव्हती, म्हणून इतरांबरोबर मलाही साहेबांपुढे नेले.

माझ्या आधी एक म्हातारा शेतकरी होता. त्याचे तिकीट रांजणीपर्यंतचे. डोळा लागला आणि तो जालन्यापर्यंत आला. साहेबांनी तिकीट उलटसुलट पाहिले, पुढचे भाडे आणि आकार घ्यायला सांगितले. म्हाताऱ्याने कनवटीची गाठ सोडली, नाणी मोजली, रामराम केला आणि तो निघून गेला.

मग साहेब माझ्याकडे वळले. “हरवलं, की काढलंच नव्हतं?”

साधा प्रश्न. “हरवलं” म्हटले असते तर कदाचित भाड्यावर आणि आकारावर भागले असते. पण त्या म्हाताऱ्याची गाठ सोडणारी बोटे अजून माझ्या डोळ्यांपुढे होती. माझ्या तोंडून निघून गेले, “काढलंच नव्हतं, साहेब. पैसे खाऊन टाकले.”

साहेबांनी क्षणभर पाहिले आणि दहा रुपये दंड लिहिला. खरे बोललो म्हणून सूट नाही; उलट खऱ्यानेच इराद्याचा पुरावा दिला!

गावच्या एका माणसाकडून निरोप गेला. रात्री अण्णा आले, त्यांनी दंड भरला. एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या वेळी मात्र खिडकीपाशी थांबून त्यांनी माझ्या हातावर पैसे ठेवले आणि म्हणाले, “दोन काढ.” त्या दोन शब्दांनी जे झाले, ते दहा रुपयांनी झाले नव्हते.

अर्जात एक रकाना होता: न्यायालयात शिक्षा झाली आहे काय? मी ‘होय’ लिहिले. ती जागा मला मिळाली नाही. कारण हेच की दुसरे, ते कोणी सांगितले नाही. पुढच्या वर्षी शाळेत मास्तर झालो आणि जन्म त्यात गेला.

आता १९८९ चा कायदा आहे. ११२ चे काम १३७ वे कलम करते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. चुकलेल्यासाठी १३८ वे. इरादा आणि चूक यांचे शेजारीपण कायम आहे.

परवा वाचले की विलायतेत, जिथून हा कायदा आला तिथेच, १५ ऑगस्ट २०२४ रोजी मुख्य मॅजिस्ट्रेटने भाडे चुकवल्याच्या सुमारे ७४ हजार शिक्षा रद्द ठरवल्या. रेल्वे कंपन्यांनी ते खटले अशा झटपट रीतीने चालवले होते, की एकच मॅजिस्ट्रेट नुसते कागद पाहून निकाल देई. या गुन्ह्याला ती रीत लागूच नव्हती.

वाचता वाचता मला जालन्याची ती खोली आठवली. मला दंड झाला, नोकरीही कदाचित त्यापायी गेली. पण शिक्षा लिहिण्यापूर्वी एका माणसाने माझ्या तोंडाकडे पाहून मला विचारले होते. उत्तर द्यायची संधी मला मिळाली होती.