वहिवाटीचा जन्मदाखला

बाबासाहेब बॅरिस्टर होते हे आपल्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बॅरिस्टर व्हायच्या आधी हा माणूस काय काय शिकला असं विचारलं, की 'लई शिकले' एवढ्यावर भागतं. या 'लई'च्या पोटात काय आहे ते एकदा उघडून बघितलं पाहिजे. कारण आता आमची पोरं बारावी झाल्यावर वकिलीच्या पाच वर्षांच्या कोर्सला जातात. तिथं सुरुवातीला समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास असले विषय असतात, आणि पोरं कुरकुरतात की ही भरताड कशाला, कायदा कधी शिकवणार?

बाबासाहेब १९१२ साली मुंबईत बी.ए. झाले. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या विषयांची मोजदाद झालेली आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. वर फ्रेंच आणि जर्मन. या यादीत कायदा नाही.

आता कुणी म्हणेल, ही वकिलीची तयारी होती असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं का? तसं म्हणायचं कारण नाही. शिष्यवृत्ती बडोद्याची होती, परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता. पण माणसाने काय ठरवलं होतं यापेक्षा शिकलेलं पुढं कुठं उपयोगी पडलं, ते बघण्यात मला जास्त गोडी आहे.

९ मे १९१६. वय २५. गोल्डनवायझर नावाच्या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापकाच्या वर्गात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात कशी घडते, कशी चालते, कशी वाढते. सगळे पंडित वर्ण आणि रक्त यांचा काथ्याकूट करत होते, तेव्हा हा पोरगा म्हणाला, जातीचं मूळ लग्नात आहे. जातीतल्या जातीत लग्न बांधून टाकलं की जात झाली. मग नवरा मेलेली बाई आणि बायको मेलेला पुरुष यांचं करायचं काय? सती, सक्तीचं वैधव्य, पाळण्यातली लग्नं त्यातनं निघाली. आणि मनूबद्दल तर फार नेमकं सांगितलं. जात मनूने केली नाही. ती त्याच्या आधी होती, त्याने तिला ग्रंथात बसवून पक्कं केलं. वरच्यांनी दार लावून घेतलं, खालच्यांनी त्यांची नक्कल केली.

म्हणजे जातीला सुरुवात आहे. ती आभाळातनं पडलेली नाही, माणसाने केलेली आहे. हे वाक्य ध्यानात ठेवा, ते आपल्याला पुढं महाडच्या तळ्यावर भेटणार आहे.

मधली वर्षं झटकन सांगतो. १९१६ सालीच लंडनला ग्रेज इनमध्ये नाव घातलं, शिवाय लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली, परत यावं लागलं. बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून पैसा जोडला. शाहू महाराजांनी हात दिला, नवल भथेना या पारशी मित्राने दिला. १९२० साली पुन्हा लंडन. १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. त्याच साली मुंबईत वकिली सुरू.

आणि १९२७ साली महाड. २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तळं नगरपालिकेचं, नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून ते सगळ्यांना मोकळं केलेलं. मुसलमान तिथं पाणी भरत, बाट लागत नव्हता. आम्ही प्यायलो आणि शेण-गोमूत्र ओतून तळं शुद्ध करून घेतलं. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा सवर्ण कोर्टात गेले. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम. दाव्यात प्रतिवादी नंबर एक, भीमराव रामजी आंबेडकर.

आता सनातन्यांचं म्हणणं नीट ऐका. तळं खाजगी आहे हे एक. दुसरं म्हणजे अनादी काळापासून अस्पृश्यांना इथं मज्जाव आहे, ही वहिवाट आहे, आणि वहिवाट म्हणजे कायदा. इंग्रजाचं कोर्ट रूढीला मान देई. फक्त ती जुनी, सतत चालत आलेली, नक्की आणि वाजवी पाहिजे. म्हणजे दाव्याचा गाभा इतिहासाचा आणि समाजशास्त्राचा होता. ही बंदी कधीपासूनची? कुणी घातली? याला सुरुवात आहे का? न्यूयॉर्कच्या वर्गातला प्रश्न महाडच्या मुन्सफापुढं येऊन उभा राहिला.

खालच्या कोर्टांत सवर्ण हरले, वर अपील करत गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला. वहिवाट अनादी असल्याचं शाबीत झालं नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरं. तिकडं जायचं अस्पृश्यांना काही निमित्तच नव्हतं. ते आले नाहीत एवढ्यावरून त्यांना बंदी होती हे सिद्ध होत नाही. दहा वर्षांनी तळं आमचं झालं.

पण या निकालाचं एक अंग आपले वक्ते स्टेजवर सांगत नाहीत. कोर्टाने अस्पृश्यता अन्याय आहे असं म्हटलेलं नाही. ही वहिवाट जुनी ठरली नाही, एवढंच म्हटलं. जुनी ठरली असती तर ती वाजवी की गैरवाजवी, हा प्रश्न तसाच पुढं राहिला. उद्या दुसऱ्या गावात कुणी खरोखर जुनी बंदी शाबीत केली असती म्हणजे? तिथं वकिली चाल संपत होती.

आमच्या गिरणीधंद्याचंच घ्या. मुंबईच्या गिरण्यांत आमचा माणूस सूत काढायच्या खात्यात चाले. साच्यावर पगार जास्त, तिथं त्याला उभं करत नसत. कारण धोट्यात नवी कांडी घातली की दोरा तोंडाने ओढून भोकातनं काढायचा. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार! १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हे कामगार पुढाऱ्यांपुढं मांडलं. फॅक्टरी कायदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, ही बंदी त्यात कुठंच सापडणार नाही. ती थुंकीत होती. ज्याने नुसता कायदा वाचला त्याला ती दिसणारच नव्हती.

आणि मग २६ जानेवारी १९५० ची घटना. १७ वं कलम सगळ्यांना पाठ असतं, त्याने अस्पृश्यता नष्ट केली. मी १३ वं उघडायला सांगतो. मूलभूत हक्काच्या आड येणारा कायदा रद्द, असं ते कलम म्हणतं, आणि 'कायदा' म्हणजे काय ते सांगताना त्यात रूढी आणि परिपाठही घालतं. म्हणजे वहिवाट हजार वर्षांची असली तरी आता जुनेपण तिला वाचवत नाही. १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी नावंच घातलीत. १९३७ साली हायकोर्टाने जी फट उघडी ठेवली ती इथं बुजवली. हे एकट्या बाबासाहेबांचं काम नव्हे, घटना समितीत पुष्कळ माणसं होती. पण १९१६ च्या निबंधापासून या कलमापर्यंत मला एक सरळ रेघ दिसते, आणि ती ग्रेज इनच्या आधी सुरू होते.

तेव्हा वकिलीला गेलेल्या पोरांनो, समाजशास्त्राच्या तासाला कँटीनमध्ये बसू नका. उद्या तुमच्याकडं विहिरीचं, मसणवट्याचं, गायरानाचं भांडण येईल. समोरचा म्हणेल, हे पहिल्यापासून असंच आहे. तेव्हा विचारायचं, पहिल्यापासून म्हणजे कोणत्या सालापासून? विहीर कुणी खणली, पैसा कुणाचा लागला, सातबाऱ्यावर काय नोंद आहे? ही उत्तरं परीक्षेच्या गाईडात नसतात. तलाठ्याच्या दप्तरात बघा, जुन्या गॅझेटियरात बघा, आणि वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडं वही घेऊन जाऊन बसा.