युनियनला मान्यता कोण देणार?

१९२९ चा गिरणी संप आंबेडकरांनी फोडला, हा आरोप आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला असतो. त्यावर आपले काही कार्यकर्ते असे घडलेच नाही म्हणतात, काही जण विषय बदलतात. आम्हाला दोन्ही पटत नाही. बाबासाहेबांनी त्या संपाला विरोध केला होता आणि अस्पृश्य कामगारांना कामावर जायला सांगितले होते. पण आरोप करणारे नेहमी १९२९ पासूनच गोष्ट का सुरू करतात? आदल्या वर्षी काय झाले होते?

१९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. गिरणीत तेव्हा जास्त पगाराचे खाते म्हणजे साचा खाते, विणकामाचे. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना साचा खात्यात येऊ दिले नाही. आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात राहिली. हा नियम मालकाने लिहिलेला नव्हता. कामगारांनी कामगारांवर लादलेला होता आणि मालकाला त्याची काही अडचण नव्हती.

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितले की सगळी खाती अस्पृश्यांना खुली करा, ही मागणी यादीत घाला, नाहीतर आमच्या माणसांना मी संपात राहा म्हणणार नाही. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती घातली. मागणी मालकांपुढे गेली तेव्हा मालक काय म्हणाले? हा अन्याय असेलच, तर त्याला आम्ही जबाबदार नाही! कामगार एकजुटीची एवढी नेमकी थट्टा दुसऱ्या कुणी केली नसेल, आणि ती करायची संधी पुढाऱ्यांनीच दिली होती.

म्हणून १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला, रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत, बाबासाहेबांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. हे वाक्य आपण पोस्टरवर छापतो, पण त्याचा पत्ता विसरतो. ते कामगारांच्या सभेत, युनियनमध्ये जावे की नाही या चर्चेत सांगितले गेले. युनियनने मालकाकडे मान्यता मागायची, पण आपल्याच एका खात्यातल्या माणसाला माणूस म्हणून मान्यता द्यायची नाही, हे चालणार नाही, असा त्याचा रोख आहे.

त्याच वर्षीची पुढची घटना आरोपकर्त्यांना आणखी अडचणीची आहे. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. त्यांनी औद्योगिक कलह विधेयक आणले. तडजोडीची सरकारी प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला तर तो बेकायदा, आणि बेकायदा संपाला तुरुंग. शिवाय मालकाची मान्यता असलेल्या युनियनला नोंदणीसाठी कमी सभासद पुरत, नसलेल्या युनियनला जास्त लागत. म्हणजे मालकाच्या मर्जीतली युनियन कायद्यानेच लाडकी. विधेयकाच्या बाजूने उभे असलेले गुलझारीलाल नंदा अहमदाबादच्या मजूर महाजनातून आले होते, जिथे मालक हा विश्वस्त मानला जाई. बाबासाहेबांनी विधिमंडळात या विधेयकाचे वाभाडे काढले. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशी त्यांची मांडणी होती. आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाने लाल बावट्याबरोबर एक दिवसाचा संप केला. ज्या डांगे मंडळींशी दहा वर्षांपूर्वी वाद झाला, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून. त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. गोळीबार करणारे सरकार ब्रिटिश गव्हर्नरचे नव्हे, निवडून आलेल्या देशभक्तांचे होते. विधेयक तरीही कायदा झाले.

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलावर बसण्याची त्रिपक्षीय परिषद त्याच वर्षी उभी राहिली. इथे एक स्पष्टीकरण. बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले, असे जे संदेश दर मे महिन्यात फिरतात, ते पुढे पाठवू नका. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. हे काम पुरेसे मोठे आहे. त्याला फुगवले की विरोधकाला सोपे जाते.

पण आमच्या मते त्या चार वर्षांतले सर्वात दूरदृष्टीचे पाऊल वेगळेच, आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने युनियनची नोंदणी होत होती, पण मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे असे कुठे नव्हते. नोंदणीचा कागद घेऊन दारात उभे राहायचे, आणि आत घ्यायचे की नाही ते साहेबाने ठरवायचे. नोव्हेंबर १९४३ मध्ये बाबासाहेबांनी दुरुस्ती विधेयक मांडले की पात्र युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक असावे. ते लांबले. बाबासाहेब खात्यातून गेल्यावर, १९४७ साली, मान्यतेची दुरुस्ती मंजूर झाली. आणि पुढे? ती अंमलात आणण्याची तारीखच सरकारने जाहीर केली नाही. संसदेने केलेला कायदा कपाटात राहिला.

मुंबईत त्याऐवजी १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा चालला. एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन, वाटाघाटीचा हक्क तिलाच. कापड गिरण्यांत ती जागा काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली आणि तिथेच राहिली, कामगार मनाने कुठेही असो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा पगारवाढीइतकीच हा कायदा रद्द करा ही मागणी महत्त्वाची होती. सरकारचे आणि मालकांचे उत्तर एकच होते, तुमची युनियन मान्यताप्राप्त नाही. अडीच लाख माणसे रस्त्यावर, आणि कागदोपत्री त्यांचा प्रतिनिधी संपाच्या विरोधात! तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जागेवर काय उभे राहिले ते परळ-लोअर परळला जाऊन पाहावे.

आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आहे. एकाहून अधिक युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार जिच्याकडे, तिलाच वाटाघाटीचा हक्क. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संप. त्रिपक्षीय परिषद २०१५ नंतर भरलेली नाही, म्हणजे संहिता त्या टेबलावर न जाताच झाली. काही पुढारी म्हणतात की ५१ टक्के ही लोकशाहीच आहे. असेल, पण मोजायचे कुणाला? कंत्राटी कामगाराचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसते, कंत्राटदाराच्या असते. आणि झाडू, गटार, कचऱ्याची गाडी या कामांत कंत्राटी म्हणून कोणत्या वस्तीतली माणसे आहेत, हे आपल्या वाचकाला सांगायला नको. मुंबई महापालिकेच्या कचरा कामगारांना, ज्यांत बहुसंख्य आपलीच माणसे, पालिका वर्षानुवर्षे हेच सांगत होती की तुम्ही आमचे कामगार नव्हेत. १९२८ चे गिरणीमालकही असेच जबाबदारी झटकत होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ते प्रकरण कोर्टात नेटाने लढवले, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. बाकी शहरांतल्या कंत्राटी सफाई कामगारांची नावे अजून कंत्राटदाराच्याच वहीत आहेत, आणि त्याच कचेरीतल्या कायम कामगारांच्या किती युनियननी त्यांना सभासद करून घेतले आहे, हे आपण ज्या त्या ठिकाणी विचारायला सुरुवात केली पाहिजे.