पिणारा मोजला, गुत्ता कोणी मोजायचा?

व्यसन आणि मनोविकार रोखण्याच्या संशोधनाला एक जुना प्रश्न विचारावा लागतो : मोजायचे कोणाला? पिणाऱ्याला, की त्याच्या वस्तीच्या तोंडाशी बसवलेल्या गुत्त्याला?

पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी आवाज उठवला. त्यांनी बोट ठेवले ते दुकानावर. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, दारू पिणाऱ्या नवऱ्याला-मुलाला थारा देऊ नका. १९५६ च्या नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आली. व्यसनमुक्ती हा स्वाभिमानाचाच भाग ठरला.

अमेरिकेतील रॉबर्ट गॉर्डन यांनी प्रतिबंधाचे तीन थर मांडले ते १९८३ मध्ये : सर्व समाजासाठी, धोक्यातील गटासाठी, आणि पहिली लक्षणे दिसणाऱ्या व्यक्तीसाठी. पहिल्या दोन थरांवर आपली चळवळ त्याआधीच उभी होती. तिला संशोधन म्हणण्याची तसदी मात्र विद्यापीठांनी घेतली नाही.

तिसऱ्या थरावर मोलाचे काम झाले आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पण अद्याप दारूच्या पूर्ण आहारी न गेलेल्या ३७७ पुरुषांवर प्रयोग झाला. साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी बोलल्यावर तीन महिन्यांनी ३६ टक्के सावरले. नेहमीच्या उपचारात २६ टक्के. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघर गेले, तेव्हा नैराश्यासाठी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे माणसे मदत नाकारीत नव्हती; मदतच त्यांच्या दारापर्यंत येत नव्हती.

पण समुपदेशक तासभर बोलतो, गुत्ता मात्र दिवसभर उघडा असतो. आमच्या मुर्रीच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या गडचिरोलीत लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या रेट्यातून १९९३ मध्ये दारूबंदी झाली. केवळ कायद्याने भागत नाही म्हणून २०१६ पासून तिथे 'मुक्तिपथ' हा गावोगावच्या संघटनेचा कार्यक्रम उभा राहिला. उलट चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवली गेली.

म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रश्नावली हातात घ्याल तेव्हा वय आणि शिक्षण यांशेजारी आणखी तीन रकाने आखा : गुत्त्याचे वस्तीपासूनचे अंतर, मजुरी, आणि सोसलेला अपमान. हे रकाने कोरे राहिले की आकडे व्यवस्थेला निर्दोष सोडतात आणि सारा दोष पिणाऱ्याच्या जातीला चिकटवतात.