पंडित सुंदरलाल यांचा अहवाल

परभणी जिल्ह्यांतील पालमचा टापू नांदेडला लागून आहे. १९४८ सालीं हा सर्व मुलूख निजामाच्या अमलाखालीं असून रझाकारांच्या जुलुमानें पोळून निघाला होता. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि पांच दिवसांत निजामानें शरणागति पत्करली. मराठवाड्यास ती मुक्तीच होती. परंतु त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगविला गेला, त्याची चौकशी कोणीं करावयाची?

नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री हे नोव्हेंबर-डिसेंबरांत सोळांपैकीं नऊ जिल्हे हिंडले. किमान २७ ते ४० हजार माणसें प्राणास मुकलीं, असा त्यांचा अंदाज; सर्वांत होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांजबरोबर नांदेडहि होता. कांहीं ठिकाणीं सैनिकांनींच लूट व हत्या केल्या, असें त्यांनीं लिहिलें. अन्यत्र सैन्यानें मुसलमानांचें रक्षण केलें, हेंहि नोंदविलें.

आतां, १९११ च्या लष्करी कायद्यान्वयें सैनिकाचा न्याय लष्करी न्यायालयानें करावयाचा, आणि तें न्यायालय बोलावणार वरिष्ठ अधिकारीच. इकडे सोलापुराकडून मुख्य फौज घेऊन आलेले मेजर जनरल चौधरी हेच संस्थानाचे लष्करी गव्हर्नर झालेले! सरदार पटेलांनीं तर अहवालच अमान्य केला. सरकारच्या वर्तनाची चौकशी या मंडळाकडे सोंपविलीच नव्हती, आणि रझाकारांचे अत्याचार त्यांत झांकले गेले, हे त्यांचे आक्षेप. दुसऱ्यांत तथ्य असेलहि. पण त्यानें सैनिकांवरील आरोप खोटे ठरत नव्हते.

अहवाल सरकारनें प्रसिद्ध केला नाहीं. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयांत तो वाचकांस पाहावयास मिळाला, तो २०१३ सालीं.