दरकरार (शासकीय खरेदी)

दरकरार म्हणजे शासनाच्या एका मध्यवर्ती यंत्रणेने पुरवठादाराशी ठराविक मुदतीसाठी केलेला असा करार, की ज्यात वस्तूचा दर, दर्जा आणि पुरवठ्याच्या अटी ठरतात. परंतु किती माल घेतला जाईल याची हमी सहसा दिलेली नसते. करार एक यंत्रणा करते आणि त्याचा लाभ शासनाची सर्व कार्यालये घेतात. शासकीय कागदपत्रांत हा शब्द ‘दर करार’ असा तोडूनही लिहिलेला आढळतो. वारंवार लागणाऱ्या वस्तूंसाठी प्रत्येक कार्यालयाने स्वतंत्र निविदा काढू नये, हा या पद्धतीमागील मूळ हेतू होय.

स्वरूप

साध्या खरेदीत वस्तू, संख्या आणि किंमत एकाच वेळी ठरते. दरकरारात संख्या मोकळी राहते. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने दरकरार हा पूर्ण अर्थाने करार आहे की नाही, असा प्रश्न उभा राहतो. याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने १८९९ मध्येच बेंगॉल कोल कंपनी विरुद्ध होमी वाडिया आणि कंपनी या खटल्यात दिले. बारा महिने ठरलेल्या दराने लागेल तेवढा कोळसा पुरवण्याचे कंपनीने मान्य केले होते व मुदत संपण्यापूर्वीच माघार घेतली होती. न्यायालयाने असे मानले, की ही केवळ चालू राहणारी देकार आहे. प्रत्येक मागणीबरोबर एक स्वतंत्र करार जन्माला येतो आणि मागणी येण्यापूर्वी देकार मागे घेता येते. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ५ याच्याशी हे सुसंगत आहे.

याची दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयाने भारत सरकार विरुद्ध मद्दाला तातय्या या खटल्यात स्पष्ट केली. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेने आपल्या धान्य दुकानांसाठी १४,००० मण गुळाची मागणी नोंदवली होती आणि कोणत्याही टप्प्यावर करार रद्द करण्याचा अधिकार स्वतःकडे राखला होता. माल पाठवण्याच्या तारखा नेमून देणारा रीतसर आदेश निघाल्यानंतर मात्र तेवढ्या मालापुरता हा अधिकार वापरता येणार नाही, असा निर्णय झाला. सारांश असा, की दरकराराने नव्हे तर पुरवठा आदेशाने दोन्ही बाजू बांधल्या जातात. हा भेद न कळल्यामुळे अनेक कार्यालयांत दरकराराची प्रत हाती आली म्हणजे माल मिळालाच, असा समज रूढ असतो. तो चुकीचा आहे.

दरकरारात सहसा दोन कलमे विशेष महत्त्वाची असतात. पहिले दरघटीचे कलम: करार चालू असताना पुरवठादाराने तीच वस्तू अन्य कोणास कमी दराने विकली, तर शासनासाठीचा दरही तेवढाच खाली येतो. दुसरे दरबदलाचे कलम, ज्यान्वये कच्च्या मालाच्या किमतीनुसार दर वरखाली करता येतो. एकाच वस्तूसाठी एकाहून अधिक पुरवठादारांशी केलेल्या करारांना समांतर दरकरार म्हणतात. एक कारखाना बंद पडला तरी पुरवठा अडू नये, यासाठी ते केले जातात.

अधिकारी आणि त्यांची कामे

दरकराराच्या अंमलबजावणीत निरनिराळ्या कार्यालयांतील माणसांचा संबंध येतो आणि बहुतेक तंटे त्यांच्या कामांची सरमिसळ झाल्याने उद्भवतात.

करार करणारा अधिकारी मध्यवर्ती यंत्रणेत असतो. निविदा काढणे, दर ठरवणे, मुदतवाढ देणे, अटींत दुरुस्ती करणे आणि पुरवठादाराला काळ्या यादीत टाकण्याची कारवाई करणे हे त्याचे अधिकार. त्याची सही ही केवळ औपचारिकता नसते. संविधानाच्या अनुच्छेद २९९ नुसार शासनाचे करार राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्या नावाने व्यक्त झाले पाहिजेत आणि त्यांनी प्राधिकृत केलेल्या व्यक्तीनेच ते निष्पादित केले पाहिजेत. याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडानुसार सही करणारा अधिकारी अशा करारासाठी व्यक्तिशः जबाबदार राहत नाही.

मागणी करणारा अधिकारी हा प्रत्यक्ष गरज असलेल्या कार्यालयातील असतो. तो दर बदलू शकत नाही, नमुना बदलू शकत नाही आणि मुदत संपलेल्या दरकरारावर आदेशही देऊ शकत नाही. मात्र गरज खरी आहे का, निधी उपलब्ध आहे का आणि हीच वस्तू घेणे योग्य आहे का, हे ठरवण्याची जबाबदारी त्याचीच. ‘दर वरूनच ठरला होता’ हे उत्तर अनावश्यक खरेदीच्या समर्थनार्थ लेखापरीक्षणात टिकत नाही.

तपासणी अधिकारी माल ठरलेल्या नमुन्याप्रमाणे आहे की नाही, हे पाहतो. माल स्वीकारणारा अधिकारी, म्हणजे व्यवहारात बहुधा भांडारपाल, संख्या मोजून साठा नोंदवहीत नोंद करतो. देयक अदा करणारे कार्यालय वेगळे असते: महाराष्ट्रात आहरण व संवितरण अधिकारी देयक सादर करतो आणि मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय, तर जिल्ह्यांत कोषागार ते पारित करते. मागवणारा, मोजून घेणारा आणि पैसे देणारा हे तिघे शक्यतो निराळे असावेत, या साध्या तत्त्वावर ही सर्व रचना उभी आहे. लहान कार्यालयांत मात्र अपुऱ्या मनुष्यबळामुळे यांपैकी दोन कामे एकाच माणसाकडे येतात आणि दोष राहतो तो बहुधा तेथेच.

सहीचा अधिकार नसताना झालेले करार

भंडाऱ्याच्या लोकसभा निवडणुकीतून उद्भवलेला चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम (१९५४) हा खटला या संदर्भात नेहमी उद्धृत होतो. उमेदवार ज्या पेढीत भागीदार होता, ती पेढी सैन्याच्या उपाहारगृहांसाठी केंद्र सरकारला बिड्या पुरवत असे. करार अनुच्छेद २९९ च्या नमुन्यात नव्हता. तरीही तो सर्वार्थाने शून्य ठरत नाही आणि उमेदवाराचा शासकीय करारात हितसंबंध होता, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. पुढे भिकराज जयपुरिया खटल्यात हीच तरतूद अधिक कठोरपणे वाचली गेली. रेल्वेच्या अधिकाऱ्याने प्राधिकार नसताना केलेली धान्यखरेदी शासनावर बंधनकारक नाही, असे ठरले. माल पुरवून बसलेल्या व्यापाऱ्याला मग करार कायद्याच्या कलम ७० चा आधार उरतो: शासनाने माल ठेवून घेतला असेल, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो.

भारतातील वाटचाल

ब्रिटिश काळात सरकारी सामान मोठ्या प्रमाणावर लंडनमधून खरेदी होत असे. भारतातच खरेदी व्हावी, या मागणीतून १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर हे काम पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाकडे होते. मुंबईतही त्याचे प्रादेशिक कार्यालय होते. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी हे महासंचालनालय बंद करण्यात आले. त्याची जागा ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेल्या गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस (जेम) या संकेतस्थळाने घेतली आहे. तेथे दर वर्षासाठी गोठवलेला नसतो. विक्रेते तो बदलू शकतात. अधिकाऱ्यांच्या भूमिका मात्र जुन्याच आहेत. विभागप्रमुख हा मुख्य वापरकर्ता असतो आणि खरेदीदार, माल स्वीकारणारा व देयक अदा करणारा ही खाती तो नेमून देतो. माल स्वीकारल्याचे प्रमाणपत्र निघाल्याशिवाय देयक पुढे सरकत नाही.

महाराष्ट्रात

राज्यात उद्योग संचालनालयातील मध्यवर्ती भांडार खरेदी संघटना विविध विभागांसाठी दरकरार करीत असे. २ जानेवारी १९९२ च्या शासन निर्णयाने घालून दिलेली खरेदीची कार्यपद्धती दीर्घकाळ चालली. २०१५ मध्ये महिला व बालविकास विभागाने सुमारे २०६ कोटी रुपयांची खरेदी ई-निविदेऐवजी दरकरारांच्या आधारे मंजूर केल्यावरून मोठा वाद झाला. गैरव्यवहाराचे आरोप झाले, ते नाकारले गेले आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पुढे चौकशी बंद केली. व्यक्तींपेक्षा पद्धतीविषयी त्यातून निघालेला प्रश्न अधिक टिकाऊ ठरला: जुन्या दरावर मोठी मागणी नोंदवताना स्पर्धा झाली, असे म्हणता येईल काय? १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीची सुधारित नियमपुस्तिका निघाली आणि २४ ऑगस्ट २०१७ च्या शासन निर्णयाने राज्याने जेमचा स्वीकार केला.

औषधांच्या बाबतीत मध्यवर्ती करार टिकून आहे. २०१७ मध्ये शासकीय रुग्णालयांच्या औषधखरेदीचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे देण्यात आले. विलंबाच्या तक्रारी वाढल्यावर २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. येथे करार करणारा आणि गरज असणारा यांच्यातील अंतर सर्वांत जास्त जाचते. मागणी वेळेत नोंदवणे हे रुग्णालयाच्या हाती असते, पण निविदा रखडली तर बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी रुग्णाच्या हाती पडते. म्हणूनच ठराविक मर्यादेपर्यंत स्थानिक खरेदीची मुभा ठेवलेली असते. ती ढिली केली तर दर वाढतात आणि आवळली तर तुटवडा होतो.

स्थानिक स्वराज्य संस्था

महानगरपालिकांचे करार राज्यपालांच्या नावाने होत नाहीत. ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्त करतात आणि ठराविक रकमेवरील करारांना स्थायी समितीची मान्यता लागते. त्यामुळे एकाच गावात तीन निराळ्या व्यवस्था नांदतात. पालघर जिल्ह्यातील निर्मळ हे गाव वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत येते. तेथील रस्त्यावरच्या दिव्यांची खरेदी महानगरपालिकेच्या करारातून, महसुली दप्तराच्या साहित्याची राज्याच्या नियमांनी, तर टपाल खात्याची केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे होते. तक्रार किंवा माहिती अधिकाराचा अर्ज करताना करार कोणत्या शासनाचा आहे, हे आधी पाहावे लागते.

अन्य देशांत

अमेरिकेत माहिती तंत्रज्ञानासाठी सर्व संघीय खात्यांना वापरता येणारे करार १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्यान्वये केले जातात. तेथे मूळ करार करणारा अधिकारी, त्यावर आदेश देणारा अधिकारी आणि कामावर देखरेख ठेवणारा प्रतिनिधी यांची कामे लेखी नेमून दिलेली असतात. आदेशाच्या अटी बदलण्याचा अधिकार या प्रतिनिधीला नसतो. ब्रिटनमध्ये अशाच करारांना चौकट करार म्हणतात.