फ्रीमाँटचा आवाज आणि तंजावरची साकी

‘पुष्पा’मधलं तेलुगू ‘श्रीवल्ली’ तुम्ही नक्की ऐकलं असेल. ते गाणारा सिद श्रीराम आपल्या फ्रीमाँटमध्ये लहानाचा मोठा झाला, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. १९९० साली चेन्नईत जन्मलेला हा मुलगा वर्षभराचा असताना आईवडिलांबरोबर इथे आला. घरात आईकडून कर्नाटक संगीताची तालीम आणि घराबाहेर आर अँड बी, अशा दोन्ही गोष्टी त्याच्या कानावर पडत राहिल्या. पुढे तो बॉस्टनच्या बर्कलीत शिकला आणि ए. आर. रहमानसाठी गायला. २०१९ मध्ये ‘एन्ट्रोपी’ हा त्याचा स्वतःचा अल्बम आला, २०२३ मध्ये ‘सिद्धार्थ’. चेन्नईच्या मार्गळी महिन्यात तो पारंपरिक मैफल करतो, आणि २०२४ मध्ये तो कोचेलाच्या मंचावरही गायला.

त्याची गाणी ऐकवली की आपल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: हे धड कर्नाटक नाही, धड इंग्रजी नाही, मग याला म्हणायचं काय? काही जण सरळ ‘भेसळ’ म्हणून मोकळे होतात. अशा वेळी माझ्यासारखा इतिहासात रमणारा माणूस तुम्हाला तंजावरला घेऊन जातो.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि तिथे १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य टिकलं. व्यंकोजींचा मुलगा शहाजी १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होता. त्याने मराठीत नाटकं लिहिली, तेलुगूतही लिहिली, आणि ‘पंचभाषाविलास’ या एकाच नाटकात पाच भाषा नांदवल्या. पुढे सरफोजी दुसरे (१७९८-१८३२) यांनी दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला. त्यांच्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त तर तमिळ नृत्यनाट्याच्या साच्यात चक्क जगाचा भूगोल सांगितला आहे.

याच काळात व्हायोलिन कर्नाटक संगीतात आलं. मुथुस्वामी दीक्षितांचे भाऊ बालुस्वामी ते मद्रासमध्ये एका युरोपीय वादकाकडून शिकले. तंजावरच्या प्रसिद्ध चार भावांपैकी वडिवेलूही ते वाजवत. आज व्हायोलिनच्या साथीवाचून कर्नाटक मैफल कुणाच्या डोळ्यांसमोर येतच नाही.

देवघेव दोन्ही बाजूंनी होती. मराठी कीर्तनकार तंजावरला जात, आणि त्यांचं कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद आले ते कायमचे. आपल्या आजोळच्या देवळात ऐकलेली साकी कावेरीकाठी तमिळ बोलू लागली, आणि तिला कुणी परकी म्हटलं नाही.

अर्थात दरबार आणि फ्रीमाँट यांत फरक आहे. तिथे राजाश्रय होता. इथे शनिवारी सकाळी मुलाला गाडीत घालून क्लासला नेणारे आईबाप आहेत. फ्रीमाँटही १९५६ मध्ये सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्स ही पाच गावं एकत्र येऊन झालेलं शहर. इथे रियाज टिकला तर तो घरांमुळेच टिकणार.

आणि यातच खरी मेख आहे. तंजावरचे कलावंत नवं घेऊ शकले, कारण जुनं त्यांच्या गळ्यात आणि बोटांत पक्कं बसलेलं होतं. सिदचंही तेच. लहानपणची तालीम नसती, तर त्याच्या आर अँड बीमध्ये मिसळायला गमक आले असते कुठून?

तेव्हा तुमची मुलगी उद्या भूप शिकून आली आणि तोच कीबोर्डवर बीट लावून गाऊ लागली, तर लगेच कपाळाला आठ्या घालू नका. बीट चालू द्या. फक्त भूप सुटत नाही ना, एवढं बघा.