विनोदाचे जहाज आणि चिमणरावांचे बिऱ्हाड

हास्यरसाला बंदिस्त जागा मानवते, ही गोष्ट नाटककारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लग्नघर, धर्मशाळा, आगगाडीचा डबा अशा ठिकाणी माणसे काही काळ एकत्र कोंडली जातात. कोणी कोणास टाळू म्हणेल तर टाळता येत नाही, आणि मग स्वभावाला स्वभाव घासून विनोदाची ठिणगी उडते. चालू समुद्रातील जहाज हे तर या बाबतीत सर्वांवर ताण करणारे स्थळ होय. तेथून रागावून निघून जाण्याचीही सोय नसते.

ही सोय हेरून अमेरिकेत एक विनोदी मालिका निघाली. तिचे नाव 'द लव्ह बोट'. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ए.बी.सी. या संस्थेच्या दूरचित्रवाणीवरून तिचा नियमित प्रारंभ झाला व १९८६ पर्यंत ती चालली. कप्तान, वैद्य, मद्यगृहाचा सेवक, प्रवाशांची व्यवस्था पाहणारी तरुणी अशी जहाजावरील मंडळी कायमची. प्रवासी मात्र दर आठवड्यास नवे. एकेका भागात साधारणपणे तीन निरनिराळी कथानके वेणीच्या पेडांप्रमाणे गुंफलेली असत. बंदर सोडताना रुसलेली जोडपी परत बंदरास लागेपर्यंत बहुधा हसू लागत. कप्तानाची भूमिका गेव्हिन मॅक्लाउड या नटाने केली होती.

या मालिकेमागे एक व्यवहाराचा इतिहासही आहे. १९५८ साली अटलांटिक महासागरावरून जेट विमानांची प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि मोठमोठ्या प्रवासी जहाजांचे पोटच कापले गेले. कित्येक दिवसांचा मार्ग काही तासांत उरकू लागल्यावर बोटीने कोण जाणार? तेव्हा जहाजमालकांनी उलटा विचार केला. कोठे तरी पोहोचण्यासाठी नव्हे, तर केवळ समुद्रावर सुखाने राहण्यासाठी लोकांना बोलावावे! या विहारनौकांची गोडी मध्यमवर्गीय अमेरिकन कुटुंबांस लावण्यात त्या मालिकेचा वाटा मोठा होता. तिच्यातील 'पॅसिफिक प्रिन्सेस' हे जहाज काल्पनिक नव्हते. ते १९७१ साली जर्मनीतील एम्डेन येथे बांधलेले खरेखुरे जहाज होते. मालिकेचे बरेचसे चित्रण मात्र लॉस एंजल्स येथील चित्रगृहात उभारलेल्या देखाव्यांतच होत असे.

याच सुमारास मुंबई दूरदर्शनवर मराठी माणसांचे एक जहाज तरंगू लागले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. त्या दशकाच्या उत्तरार्धात या केंद्रावरून 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मालिका दाखविली गेली. दिलीप प्रभावळकर हे चिमणराव झाले व बाळ कर्वे हे गुंड्याभाऊ. येथे समुद्र नव्हता, कप्तान नव्हता. होते ते पुण्यातील एका कारकुनाचे बिऱ्हाड. परंतु जहाजाचे सर्व गुणधर्म त्या बिऱ्हाडास होते. आई, पत्नी काऊ, मुले, आणि सदैव मदतीस धावून येऊन संकट दुप्पट करणारा धिप्पाड गुंड्याभाऊ या मंडळींपासून चिमणरावांस सुटका नव्हती. आणि खरे पाहता ती त्यांस नकोच होती.

या कुटुंबाचे जनक चिंतामण विनायक जोशी. त्यांचा जन्म १८९२ सालचा. व्यवसायाने ते बडोद्यास प्राध्यापक व पाली भाषेचे पंडित. 'चिमणरावांचे चऱ्हाट' हे त्यांचे पुस्तक १९३३ साली प्रसिद्ध झाले. पुढे मास्टर विनायक यांनी या कथांवरून 'लग्न पहावे करून' हा बोलपट १९४० साली व 'सरकारी पाहुणे' हा १९४२ साली काढला. त्यांत दामूअण्णा मालवणकर हे चिमणराव व विष्णुपंत जोग हे गुंड्याभाऊ होते. म्हणजे दूरदर्शनवर आले तेव्हा चिमणराव नवखे नव्हते. आजोबांनी ज्यांस पुस्तकात पाहिले व वडिलांनी पडद्यावर, तेच नातवाच्या दिवाणखान्यात येऊन बसले.

दोन्ही मालिकांतील एक भेद मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. अमेरिकन जहाजावर पाहुणे पैसे मोजून येतात आणि प्रेम जुळवून उतरतात. चिमणरावांच्या घरी पाहुणे न बोलावता येतात व यजमानाचाच खिसा रिकामा करून जातात. तेथील हास्य सुट्टीचे आहे, येथील हास्य संसाराचे. तुटपुंज्या पगारात अब्रू सांभाळणाऱ्या माणसाची फजिती पाहून मराठी प्रेक्षक हसला, कारण ती फजिती त्याच्या घरची होती.

आता या कथेचा उत्तरार्ध पाहिला पाहिजे. 'पॅसिफिक प्रिन्सेस' ही नौका हस्तांतरे होत होत जीर्ण झाली आणि २०१३ साली तुर्कस्थानातील आलिआगा येथे भंगारात मोडली गेली. जहाज गेले, पण त्याचे चित्र राहिले. कारण ती मालिका चित्रपटाच्या फिल्मवर घेतली होती व फिल्म जपून ठेवली होती. चिमणरावांच्या बाबतीत नेमके उलट झाले. त्या काळी दूरदर्शनची चित्रफीत महाग असे. एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा मुद्रित करावा, अशी काटकसरीची रीत होती. इंग्लंडात बी.बी.सी.नेही आपले कितीएक कार्यक्रम असेच पुसून टाकले. चिमणरावांचे थोडे भाग बचावले, पुष्कळ गेले. काटकसरीपायी ज्याचा जन्म गेला, त्या चिमणरावांची छबीही काटकसरीनेच पुसावी, हा विनोद त्यांच्या जनकासही सुचला नसता!

नाशिककरांस ही हळहळ नवी नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१८ पासून हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचे चित्रपट याच नगरीत घडविले. त्यांनी एकंदर नव्वदाहून अधिक चित्रपट काढले; त्यांपैकी आज हाती आहेत ते बहुतांशी तुकडे. १९१९ सालचा 'कालिया मर्दन' बराचसा टिकला, म्हणून बालकृष्ण झालेल्या कन्या मंदाकिनी हिचा अभिनय अजून पाहता येतो. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले व पी. के. नायर यांनी जिवापाड धडपड केली, म्हणून एवढे तरी वाचले. फाळक्यांची फिल्म नाशिवंत होती असे म्हणून दैवास बोल लावता येईल. दूरदर्शनची फीत मात्र मनुष्याच्या हातांनी पुसली गेली.

विनोद हा क्षणाचा सोबती, तो कशास जपावा, असे त्या पुसणाऱ्या हातांस वाटले असावे. परंतु राजांच्या सनदा जपणाऱ्या समाजास पुढे केव्हा तरी हा प्रश्न पडतोच की, सामान्य माणसे आपल्या घरात कशी बोलत होती, कशास भीत होती आणि कशाने हसत होती? त्याचे उत्तर सनदांत सापडत नाही. ते चिमणरावांच्या बिऱ्हाडात सापडते. चिं. वि. जोशी यांचा छापील शब्द कोणी पुसू शकले नाही, म्हणून ते बिऱ्हाड पुस्तकांतून अद्याप नांदते आहे. दूरदर्शनवरील त्याच्या चित्रांपैकी जी काही उरली आहेत, ती तरी पुढच्या पिढीच्या हाती धड पोहोचोत.